जावईबापूंचा उन्हाळा

घरजावई झालेल्या माणसाचं नाव फार दिवस टिकत नाही. पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याच्या दुकानाची जागा मालकानं काढून घेतली. तेव्हा त्याच्या सासूबाईंनी पुढच्या खोलीतलं आपलं शिलाई मशीन स्वतःच्या हातानं भिंतीकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "ही खोली तशी अर्धी रिकामीच असते. तुमचं टेबल इथे मांडा." टेबलामागून हत्यारं आली, हत्यारांमागून बिऱ्हाड आलं, आणि गल्लीनं एकमतानं त्याचं नाव रद्द करून टाकलं. तेव्हापासून ते जावईबापू. आता कुणी त्यांच्या खऱ्या नावानं पत्ता विचारत आलं तर शेजारीसुद्धा क्षणभर विचारात पडतात.

सासूबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. हातातली कात्री धारदार, आणि जीभ कात्रीपेक्षा. मुलीला त्या 'अगं' म्हणत, शेजारणींना 'अगं' म्हणत, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याला तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून 'अरे मेल्या' म्हणत. फक्त जावयाला 'अहो'. हे 'अहो' इतकं पक्कं टाचलेलं होतं की रागाच्या भरातही उसवत नसे. एकदा जावईबापूंनी दुरुस्त झालेला मिक्सर टोमॅटो घालून चालवून पाहिला आणि झाकण लावायला विसरले. नुकत्याच शिवून ठेवलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर लाल सडा पडला. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "आपल्या डोक्यात काही शिल्लक आहे, की तिथलंही वायरिंग जळालं?"

"मला आई शिव्या तोंडावर फेकून मारते," बायको हसत म्हणायची, "आणि तुम्हाला ताटात वाढून देते."

जावईबापूंना या मानाची गंमत वाटे आणि कधीकधी तो थोडा टोचेही. त्यांचे आईवडील ते शाळेत असतानाच गेले होते. ज्या मामांनी वाढवलं तेही गेले. 'अरे' म्हणून हाक मारणारं वरच्या पिढीतलं कुणी उरलंच नव्हतं. पण मला अरे-तुरे करा, असा अर्ज काही सासूबाईंकडे करता येत नाही.

थंडी सुरू व्हायच्या तोंडावर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा पाय थोडा हलू लागला होता. बोलण्यातून मात्र 'हं', 'आं' आणि 'बस' एवढंच परत आलं होतं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "गिळायची ताकद कमी झालीय. टेकवून बसवायचं, छोटा चमचा द्यायचा. त्या पुरे म्हणाल्या की थांबायचं. बळंच भरवलंत तर घास श्वासात जाईल."

बायको दूध पिशव्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. पहाटे निघायची ती दिवस कलताना परत यायची. जाण्याआधी ती आईचं अंग पुसून, कपडे बदलून देई. दुपारी त्या कामासाठी शेजारच्या मावशी डोकावून जात. बाकी सगळा दिवस जावईबापूंचा: औषधं, कूस बदलणं, आखडलेल्या बोटांचा व्यायाम आणि खाणं. जावयानं सासूचं करायचं म्हणजे जरा अवघडच, असं कुणी म्हटलं की ते हातातला स्क्रू न सोडता म्हणत, "मोटर कुणाची का असेना, टेबलावर आली की आपली."

थंडीसाठी त्यांनी घर नीट लावून घेतलं होतं. सासूबाईंची खाट आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लावलेली. खिडकीवर चार खिळे ठोकून जाड घोंगडी ताणलेली. पायाशी हीटर, उशाशी कपाट. खोली उबदार झाली, पण तिच्यात दुसऱ्या माणसाला टेकायला वीतभरही जागा उरली नाही. खाटेच्या कडेवर बसता आलं असतं. पण सासूच्या अंथरुणावर जावयानं बसायचं, हे काही त्यांच्यानं होईना. म्हणून ते वाटी घेऊन उभेच राहत, एक पाय आत, एक उंबऱ्यावर, एक कान पुढच्या दाराकडे. थंडीत जेवण चटकन गार होई, म्हणून हातही चटचट चाले.

चार-पाच चमचे झाले की सासूबाई डावा हात उचलून तळवा खाली दाबत आणि म्हणत, "बस."

"झालं? बरं," म्हणत जावईबापू वाटी उचलत. डॉक्टरांचा शब्द तो शब्द. सासूबाई मागून मोठ्यानं "आं" करत, पण तोवर बाहेर कुणीतरी इस्त्री घेऊन उभं असे.

संध्याकाळी बायको येई, चपला काढून थेट आईच्या अंथरुणात पाय घेऊन बसे, कारखान्यातल्या गमती सांगत भरवी, आणि सासूबाई बऱ्यापैकी जेवत. हे पाहून जावईबापूंनी मनाशी एक हिशेब पक्का केला. लेकीच्या हातून घास उतरतो, जावयाच्या हातून उतरत नाही. इतकी वर्षं ज्याला 'अहो' म्हटलं, त्यानं तोंडाशी चमचा धरलेला त्या बाईला कसा सोसावा? चूक कुणाचीच नाही. त्यांनी हा हिशेब कुणाला सांगितला नाही. हळूहळू ते चमचाच थोडा कमी भरू लागले, म्हणजे सासूबाईंना संकोच कमी.

हवा बदलली. जावईबापूंच्या टेबलावर ते आधी कळतं. हीटर आणि गिझर यायचे थांबतात आणि वर्षभर माळ्यावर झोपलेले पंखे धुळीचे फेटे बांधून येऊ लागतात. कुणाचा नुसताच गुणगुणतो, पण पात्याला बोटानं ढकलल्याशिवाय फिरत नाही. कुणाचं वंगण वाळून खडा झालेलं. लॉन्ड्रीवाला स्वेटर सोडून बनियनवर आला. सगळ्या गल्लीची थंडी उतरली, फक्त त्या आतल्या खोलीची उतरली नाही. घोंगडी खिडकीवर तशीच, खाट भिंतीशी तशीच, जेवण ठरल्या वेळी, भर दुपारी, गरमच. हीटर तेवढा बंद झाला होता, पण जागचा हलला नव्हता. "चालतं मशीन उघडू नये," हा जावईबापूंचा धंद्यातला नियम होता आणि त्यांनी तो घरालाही लावला होता.

मग महिन्याची फेरी घालणाऱ्या नर्सबाई आल्या. त्यांच्या पिशवीत चपटा वजनकाटा असे. सासूबाईंना एकटीनं काट्यावर उभं राहता येत नसल्यानं रीत अशी ठरली होती, की आधी जावईबापूंनी त्यांना उचलून घेऊन काट्यावर चढायचं, मग खाली ठेवून एकट्यानं चढायचं. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला की सासूबाई उरत.

नर्सबाईंनी वजाबाकी केली, मागचा आकडा पाहिला आणि पुन्हा वजाबाकी केली.

"आजी पुन्हा उतरल्यात," त्या म्हणाल्या. "आणि हे सलग होतंय. जेवतात कशा?"

"चार-पाच चमचे. मग बस म्हणतात."

"पुढच्या फेरीलाही काटा खालीच आला, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. डॉक्टरांना मला तसं सांगावंच लागेल."

खाटेवर सासूबाईंनी डावा हात हळूच वर नेला आणि नाकावर झाकण ठेवावं तसा ठेवला. ऐकू त्यांना चांगलं येत होतं आणि समजतही सगळं होतं.

जावईबापूंनी नजर काट्याकडे वळवली. नर्सबाई खिडकीकडे पाहत होत्या.

"ही घोंगडी कशासाठी?"

"थंडीसाठी."

"थंडी कुठाय?"

जावईबापू जरा ओशाळले. "बस्तान नीट बसलं होतं. म्हटलं, चालतंय ते कशाला हलवा."

"चालत नाहीये ना पण. घसरतंय." नर्सबाईंनी स्वतःच एका कोपऱ्यातून घोंगडी उचलून पाहिली. धूळ आणि ऊन दोन्ही एकदम आत आलं. "या खोलीत मला दोन मिनिटांत घाम फुटला. भर दुपारी इथे गरम भात कुणाला जाईल? खाट उजेडाच्या जागी न्या. सकाळी ऊन चढायच्या आत पोटभर द्या, दुपारी गार आणि थोडं, संध्याकाळी पुन्हा. अंग पुसणं सकाळऐवजी संध्याकाळी करा, म्हणजे शांत झोप लागेल. घरात आजारी माणूस असलं की ऋतूबरोबर दिवसही नव्यानं लावावा लागतो." मग त्यांनी टिपून घेतलेला जावईबापूंचा आकडा पुन्हा वाचला. "आणि तुम्ही कधी जेवता?"

"मधे मधे. उभ्या उभ्या."

"दिसतंय. तुम्हीही उतरलाय."

संध्याकाळी बायको आली. सगळं ऐकून चपलांशीच उभी राहिली.

"मी कारखाना सोडू का?" तिनं विचारलं. "माझ्या हातून ती खाते तरी."

ज्या हिशेबाबद्दल जावईबापूंनी थंडीभर तोंड उघडलं नव्हतं, तो असा बायकोच्या तोंडून बाहेर पडला. त्यांनी हातातली पक्कड जागेवर ठेवली. "एवढी एक फेरी बघू. नर्सबाई म्हणतात तसं सगळं हलवू. तरीही माझ्या हातून गेलं नाही, तर मग तू म्हणशील तसं."

"तुमच्या हातून म्हणजे? हाताचं काय त्यात?"

"काही नाही. खाट धर त्या बाजूनं."

बायकोच्या सुट्टीच्या दिवशी सगळं घर उलटंपालटं झालं. घोंगडी उतरली, खिळे निघाले, हीटर माळ्यावर गेला. सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी आली. तिच्या एका बाजूला त्यांचं जुनं शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, जावईबापूंचं टेबल. या टेबलाच्या वर भिंतीत एक रुंद फळी होती, पंख्यांची पाती आणि जाळ्या ठेवायची. ती नेमकी खाटेच्या निम्म्यापर्यंत पुढे आली.

"काढू का फळी?" बायकोनं विचारलं.

"राहू दे. आई पडून असतात, त्यांना काय लागणार? मला लागेल फार तर."

आणि लागलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीत अजून सावली असताना, ते वाटी घेऊन नेहमीसारखे उभे राहायला गेले आणि टाळकं फळीवर आपटलं. वरची एक जाळी घरंगळत खाली आली. सासूबाईंच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की काळजीचा, ते कळलं नाही. जावईबापूंनी डोकं चोळत आपलं कामाचं बुटकं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर बसले.

मऊ भात, वरून गार दही. पहिला चमचा. दुसरा. खिडकीतून वारा येत होता, शाळेला निघालेली पोरं कुठल्याशा वेगळ्याच शिंप्यानं शिवलेल्या गणवेशात पळत होती आणि सासूबाई त्यांच्या कॉलरी नापसंतीनं न्याहाळत होत्या. चार चमचे झाले, पाच झाले. जावईबापू त्या शब्दाची वाट पाहत राहिले. शब्द आला नाही. वाटी रिकामी झाली. त्यांनी चमच्यानं तळ खरवडला, तोही गेला.

संध्याकाळी बायको यायच्या आधीच ते दारात उभे.

"वाटी संपली."

"कसली वाटी?"

"सकाळची. पूर्ण. दुपारचीही निम्म्याहून जास्त."

"बघा," बायको म्हणाली, "नर्सबाईंचं खरं होतं. वारा हवा होता तिला."

जावईबापूंनीही श्रेय वाऱ्याला दिलं. पुढचे काही दिवस वारा असाच काम करत राहिला. दिवसाला नवं वळण लागलं. सकाळी लवकर भरवणं, मग ऊन तापेपर्यंत टेबलावरचं काम, दुपारी पडदा ओढून दोघांनाही थोडी डुलकी, संध्याकाळी बायकोच्या हातून गार पाण्यानं अंग पुसणं. सासूबाई उजव्या हाताचा व्यायाम करायला कुरकुरत, तेव्हा जावईबापू त्या हातात पंख्याचं पातं देत आणि फडक्यानं पुसायला लावत. पात्यांवर जिथे फडकं फिरायचं तिथलीच धूळ जायची, उरलेली ते मागून पुसून घेत.

मग एका सकाळी, भरवणं अर्ध्यावर असताना, लॉन्ड्रीवाला आला. त्याची मोठी इस्त्री जळली होती आणि आदल्या दिवशीचे सगळे कपडे तसेच पडून होते.

"जावईबापू, मेलो मी आज. बघा ना जरा."

जावईबापू वाटी हातात घेऊनच उठले, फळीच्या बाहेर सरकून उभे राहिले. एका हातानं इस्त्रीची वायर उलटी-पालटी केली, वास घेतला. "कॉइल गेलीय. दुपारपर्यंत देतो." मग तसंच वाकून त्यांनी सासूबाईंपुढे चमचा धरला.

सासूबाईंनी डावा तळवा खाली दाबला. "बस."

"बस?" लॉन्ड्रीवाल्याला संकटातही थट्टा सुचली. "कुठे निघालात काकू? स्टँडवर सोडून येऊ का?"

"पुरे म्हणतायत," जावईबापू म्हणाले. आवाज उगाचच पडला. इतक्या दिवसांनी तो शब्द परत आला होता. म्हणजे वारा संपला. त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि वाटी उचलून आत जायला वळले.

सदरा मागून ताणला गेला. सासूबाईंनी डाव्या हातानं त्याचं टोक पकडलं होतं आणि सगळं अंग एका बाजूला झुकवून त्या खाली ओढत होत्या. शिवणकाम केलेल्या हाताची पकड. काजं उसवायची पाळी आली.

"बस," त्या म्हणाल्या. पुन्हा, दात-ओठ खाऊन, "बस."

"अहो आई, थांबलोय ना. नाही देत आणखी."

लॉन्ड्रीवाला दाराच्या चौकटीला टेकला होता. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू ओसरली.

"जावईबापू, त्या पुरे नाही म्हणत आहेत. बसायला सांगतायत तुम्हाला."

"मला?" जावईबापू म्हणाले. "मला त्या बसा म्हणतील. बस कसं म्हणतील? आजवर एकदा तरी 'अरे' म्हणाल्यात का मला?"

"तुम्हाला नसेल म्हटलं. मी जन्मभर हेच ऐकलंय. शाळेच्या चड्डीचं माप द्यायला आलो की, 'बस रे मेल्या, चुळबुळ करू नकोस.' तोच सूर आहे. मला माणूस विसरायला होईल, हा सूर नाही विसरायचा."

जावईबापूंनी खाली पाहिलं. सदरा अजून मुठीत होता. सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, अगदी तसंच, जसं त्या टोमॅटोच्या दिवशी चष्मा पुसल्यावर पाहिलं होतं.

ते फळीखाली वाकले आणि स्टुलावर बसले.

मूठ सुटली. सासूबाईंनी तोंड उघडलं.

चमचा तोंडाकडे नेताना थोडं दही हनुवटीवर सांडलं. ते पुसायला रुमाल शोधताना त्यांच्या डोक्यात थंडीच्या सगळ्या दुपारी उलट क्रमानं उलगडू लागल्या. उंबऱ्यावरचा एक पाय. घाईघाईचे चमचे. तळवा खाली दाबून, जमेल त्या एकाच शब्दात, त्या रोज सांगत होत्या, की बैस, असा डोक्यावर उभा राहू नकोस, घास घशाखाली उतरत नाही. आणि आपण रोज 'बरं' म्हणून वाटी उचलत होतो. त्या मागून 'आं' करून ओरडायच्या ते याचसाठी. अर्ध्या पोटी ठेवलं आपण त्यांना, आणि वर स्वतःच मनाला लावून घेतलं.

"आई," ते म्हणाले, "मला वाटलं, पुरे म्हणताय."

"हं," सासूबाई म्हणाल्या. एवढ्याशा 'हं'मध्ये डोक्यातल्या जळालेल्या वायरिंगचा सगळा उल्लेख येऊन गेला.

"जावईबापू," लॉन्ड्रीवाला हळूच म्हणाला, "माझी इस्त्री?"

"दुपारी म्हटलं ना. तूही बस नाहीतर जा."

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसायला लागली ती थांबेना. सासूबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या.

"थांबा थांबा. म्हणजे आईनं तुम्हाला अरे-तुरे केलं? सबंध थंडीभर?"

"दिवसातून दोनदा."

"आणि तुम्ही नेमके तेव्हाच निघून जात होता." तिनं डोळे पुसले. मग तिच्यातली लेक जागी झाली. "हुरळून जाऊ नका हं फार. तिला 'सा' म्हणता येत नसेल, इतकंच. 'बसा' म्हणायला जात असेल आणि मधेच तुटत असेल."

"का नाही म्हणता येणार? माझ्या नावानं 'आं' करून ओरडतात तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. 'आ' चांगला लांबवता येतो त्यांना."

"मग विचारा तिलाच."

"मी नाही विचारणार," जावईबापू म्हणाले. "आलेला माल तपासून परत करायचा नसतो."

सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या हसत होत्या की नाही हे कळायला उजवीकडची बाजू काही मदत करत नसे, आणि डावी त्यांनी खिडकीकडे केली होती.

यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. ऊन वाढलं. एक दिवस सासूबाईंना जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले आणि तो थांबेपर्यंत जावईबापू पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यानंतर दोन दिवस दोघंही चमच्याला भीत होते. एका भर दुपारी सासूबाईंनी ओठ गच्च मिटून मान फिरवली. तेव्हा जावईबापूंना कळलं की पुरे म्हणायला या बाईला शब्द लागतच नाही. ते बसून राहिले, थोड्या वेळानं ताक पुढे केलं, ते मात्र गेलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. नुसतं बसून राहणं फार जड जातं. दोन चमच्यांच्या मधे हात रिकामे राहत आणि टेबलाकडे धावत. चमच्याच्या जागी हातात पेचकस आला की सासूबाई 'आं' करत. शेवटी जावईबापूंनी आपलं ताटच तिथे आणायला सुरुवात केली. एक चमचा त्यांना, एक घास आपल्याला. तोंडात घास असला की माणसाला घाई करता येत नाही. आणि बोलायलाही काहीतरी हवं, म्हणून ते कुठल्या पंख्याला काय झालंय ते सांगत. सासूबाई पंख्यांच्या मालकांना ओळखत असल्यानं त्यांना त्या दुखण्यांत रस असे. अमक्या बाईंचा पंखा आवाज फार करतो आणि वारा कमी देतो, असं ऐकून त्यांनी जे "हं" म्हटलं, त्यात त्या बाईंचं पुरं चरित्र होतं.

नर्सबाईंच्या फेरीच्या दिवशी बायकोनं रजा घेतली. लॉन्ड्रीवाला काही काम नसताना येऊन दारात उभा राहिला. शेजारच्या मावशी सासूबाईंची वेणी घालायच्या निमित्तानं आल्या आणि वेणी झाली तरी गेल्या नाहीत. जावईबापूंनी सकाळपासून एकही पंखा उघडला नव्हता.

काटा जमिनीवर ठेवला गेला. जावईबापूंनी फळी चुकवून, वाकून सासूबाईंना उचललं. त्यांनी डावा हात जावयाच्या मानेभोवती टाकला आणि डोळे मिटून घेतले. दोघं काट्यावर चढले.

नर्सबाईंनी आकडा वाचला. भुवया वर गेल्या. "अरे वा. चांगलाच चढलाय."

बायकोनं हात जोडले. मावशींनी लॉन्ड्रीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"थांबा," नर्सबाई म्हणाल्या, "अजून अर्धंच झालंय. आता तुम्ही एकटे."

जावईबापूंनी सासूबाईंना खाटेवर ठेवलं, उशी नीट केली आणि काट्यावर चढले. नर्सबाई आकड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आकड्याकडे. त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"काय झालं?" बायकोचा आवाज बारीक झाला.

"जवळजवळ सगळं वाढलेलं वजन यांचंच आहे."

जावईबापू काट्यावरच उभे राहिले, पकडल्या गेलेल्या पोरासारखे. आपल्या पोटाकडे त्यांनी थंडीनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. सासूबाईंच्या ताटाशी बसून आपणही रोज दोन वेळा जेवतोय, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"आणि आईचं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

नर्सबाईंनी वजाबाकी केली. पुन्हा केली, मागच्या वेळेसारखीच. जावईबापूंना त्या आकड्यांकडे पाहवेना, ते खाटेकडे पाहू लागले. सासूबाईंचा डावा हात चादरीवर होता. नाकाकडे तो गेला नव्हता, पण बोटं तयारीत होती.

"थोडंसंच," नर्सबाई म्हणाल्या. "पण वर. इतके महिने काटा खालीच येत होता, आज पहिल्यांदा चढलाय. ठसका एकदाच लागलाय म्हणता, तर नळी नको. मी डॉक्टरांना तसंच कळवते. हेच चालू ठेवा, आणि पावसाळा आला की पुन्हा सगळं नव्यानं बघू. ही खिडकी ओलीचिंब होईल तेव्हा."

सासूबाईंची बोटं सैल पडली.

लॉन्ड्रीवाला मघापासून तोंड दाबून उभा होता, त्याला आता मोकळीक मिळाली. "म्हणजे औषध सासूला आणि गुण जावयाला. काकू, नीट लक्ष ठेवा, ताटातलं पळवतायत हे."

मावशी हसल्या, बायको डोळे पुसत हसली, नर्सबाई पिशवी आवरत हसल्या. जावईबापू मात्र गंभीरपणे काट्यावरून उतरले, स्टूल ओढलं आणि बसले. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

"दोन ताटं आण," त्यांनी बायकोला सांगितलं. "माझ्यात जरा कमी वाढ. माझ्यातलं वाचलेलं आईंच्यात घाल."